काखेतली टीप

एसटीत कंडक्टर म्हणून एकतीस वर्षं काढली. या काळात माझे जेवढे खाकी शर्ट जुने झाले, ते सगळे एकाच जागी फाटले. उजव्या काखेत. कॉलर शाबूत, कोपरं शाबूत, खिसा शाईनं निळा झालेला पण शाबूत. डावी काख तर नव्यासारखी. उजवी मात्र दर दोन-तीन महिन्यांनी उसवायची. बायको टाका घालायची आणि म्हणायची, "आवो, काखेत सुरी ठेवून हिंडता का काय?"

याचं कारण मला कळलं ते निवृत्तीनंतर, शिलाई मशीनवर बसल्यावर. कंडक्टरच्या डाव्या हातात तिकिटांचा ट्रे, पुढं पुढं तिकिटाचं मशीन. गळ्यात पैशांची पिशवी. आणि उजवा हात छताच्या दोरीला. एक बेल थांबायची, दोन बेल निघायच्या. येडशीहून बार्शीला पोचेपर्यंत तो हात किती वेळा वर जातो, ते वेबिलात लिहीत नाहीत. ते काखेत लिहिलं जातं. शर्टाचं माप देताना मी हात खाली सोडून ताठ उभा राहायचो, लग्नात फोटोला उभं राहावं तसा. माझा हात दिवसभर वर असतो, हे मी शिंप्याला कधी सांगितलं नाही आणि त्यानंही कधी विचारलं नाही.

निवृत्त झाल्यावर गावात माणूस तीन गोष्टी करतो. शेतात जातो, पारावर बसतो नाहीतर आजारी पडतो. मी तिन्ही करून बघितल्या. घरात सूनबाईचं पायमशीन होतं. पिको-फॉल, ब्लाऊज, लहान पोरींचे फ्रॉक ती शिवते. एका दुपारी ती माहेरी गेली होती आणि माझ्या लेंग्याचा नेफा उसवला होता. मशीनवर बसलो, पाय मारला, दोरा तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. सुईत दोरा ओवण्यातच अर्धा तास गेला. शेवटी नेफ्याला सेफ्टी पिन लावून पारावर गेलो. पण ती गोष्ट डोक्यातून गेली नाही. एकतीस वर्षं हजारो माणसं न चुकता उतरवली आणि मला स्वतःची नाडी जागेवर ठेवता येत नाही!

सूनबाई आली तेव्हा तिला म्हटलं, मला शिकव. ती आधी लाजली. मग म्हणाली, "मामा, आधी दोरा काढा." तिनं नातीच्या वहीचं रेघांचं पान फाडलं, सुईखाली धरलं आणि बिनदोऱ्याचं रेघेवरून चालवायला सांगितलं. चार दिवस मी कागद शिवले. पाय आणि हात एका तालात येईनात. चाक उलटं फिरायचं. पायमशीन उलटं फिरलं की दोरा गुंततो आणि तुटतो, म्हणून ती सांगायची, "मामा, पहिलं चाक हातानं आपल्याकडं ओढा, मग पाय हलवा." चौथ्या दिवशी भोकांची रेघ सरळ पडली. कागद ओढला तर त्या भोकांवरून तो टरकन वेगळा झाला, जुन्या ट्रेमधल्या तिकिटासारखा. त्या दिवशी जेवण जास्त गेलं.

मग पिशवी. मग उशीचे अभ्रे. मग लेंगा, कारण लेंग्याला गळा नसतो, बाही नसते आणि चुकला तरी सदऱ्याखाली झाकतो. जो कोणी नव्यानं शिकू पाहतो त्याला माझं सांगणं एवढंच, की पहिल्या दिवशी शर्टाला हात घालू नका. आणि नवं सुती कापड आधी भिजवून वाळवा. माझा पहिला लेंगा एका धुण्यात घोट्याच्या वर गेला, तो या एका आळसापायी. दुसरं, उसवायला लाजू नका. सूनबाईच्या मशीनच्या खणात कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड असतं. महिनाभर सुईपेक्षा ते ब्लेडच माझ्या हातात जास्त राहिलं.

शर्टाला हात घातला तो सहा महिन्यांनी. मोठ्या पन्ह्याचं दोन मीटर कापड आणलं, धाराशिवच्या दुकानातून. कापड घडीवर न ठेवता सुटं ठेवून दोन बाह्या कापल्या आणि दोन्ही निघाल्या डाव्या हाताच्या. सूनबाईनं तोंडाला पदर लावला. मी पुन्हा अर्धा मीटर आणायला एसटीनं धाराशिवला. ज्येष्ठांच्या सवलतीचं तिकीट काढताना कंडक्टर पोरगं म्हणालं, "काय काका, आज परत?" त्याला काय सांगणार.

पण खरी चूक पुढं होती. मला उजव्या काखेचा सूड घ्यायचा होता. आमच्या गावातल्या एका जुन्या मास्तरांकडून मी मापं काढून आणली होती. ते बार्शीत एका उस्तादाच्या हाताखाली लहानपणी काज-बटण करायला लागले, तिथून कटिंगपर्यंत पोचले. त्यांच्या कपाटात अजून झारापकरांच्या पद्धतीचं कडा झिजलेलं पुस्तक आहे. छाती चाळीस, तर मुंढ्याच्या खोलीची त्यांनी साडेनऊ इंचांवर खूण केली. मुंढा म्हणजे बाही जिथं अंगाला जोडली जाते ती गोलाई. मी घरी येऊन विचार केला, काख मोकळी पाहिजे ना, मग सढळ हातानं कापू. खडूची रेघ साडेअकरावर नेली.

शर्ट तयार झाला. घातला. हात खाली होता तोवर राजा दिसत होतो. छताची दोरी ओढावी तसा हात वर केला आणि सगळा शर्ट बेंबीच्या वर आला. काखेतली टीप कर्रकन बोलली. नात टाळ्या वाजवायला लागली.

मास्तरांकडे गेलो. त्यांनी मला हात वर करायला लावलं, काखेत बोट घातलं आणि म्हणाले, "कंडक्टरसाहेब, मुंढा खाली गेला की बाही तुमच्या बरगडीला बांधली जाते. हात वर गेला की ती शर्टाला घेऊन वर जाते. मुंढा काखेजवळ पाहिजे. मोकळीक बाहीत द्यायची, मुंढ्यात नाही." मग त्यांनी बाहीचा कागद काढला, वरचा डोंगरासारखा उंचवटा थोडा बसवला आणि बाही रुंद केली. ताठ उभं राहिल्यावर अशी बाही खांद्याशी थोडी चुरगळते, दिसायला तितकी देखणी नसते. पण हात वर जातो. "कामाच्या माणसाची बाही अशीच असती," ते म्हणाले.

एकतीस वर्षं मी प्रत्येक शिंप्याला सांगत आलो होतो, "जरा ढिला शिवा." ढिला शिवा म्हणजे त्यानं मुंढा खाली नेला. जितका ढिला, तितका लवकर फाटला. दोष त्याचा नव्हता. मी त्याला इच्छा सांगत होतो, काम सांगत नव्हतो.

घरी येऊन ट्रंकेतून वडिलांचा जुना सदरा काढला. हातानं शिवलेला, पिवळा पडलेला. त्याच्या काखेत चौकोनी कापडाचा एक तुकडा जोडलेला आहे. लहानपणी मला ते ठिगळ वाटायचं. जुनी माणसं त्याला बगल म्हणायची. हात खाली असला की तो तुकडा घडी होऊन काखेत लपतो, वर गेला की उलगडतो. ज्यानं तो शिवला त्याला माहीत होतं की हा माणूस औत हाकतो, कडब्याची गंज रचतो, पेंढ्या वर फेकतो. त्याच्याकडे कदाचित टेपही नसेल, पण त्यानं वडिलांना काम करताना बघितलं होतं.

म्हणून माझं एक म्हणणं आहे आणि ते मी जरा मोठ्यानं मांडतो. आपण शिवण शिकवणं म्हणजे मशीन देणं असं धरून चाललोय. मशीन ही त्यातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे. ते दोन आठवड्यांत कह्यात येतं. अवघड आहे ते माप आणि कापणी. आणि नेमकं तेच कुणी शिकवत नाही.

आमच्या पंचक्रोशीत कुठल्या कुठल्या योजनेतून आलेली मशीनं घरोघरी आहेत. काही चालतात. पुष्कळ मशीनांवर टीव्ही आहे, गणपतीचा फोटो आहे, धुतलेल्या कपड्यांचा ढीग आहे. विचारलं की बायका सांगतात, "सरळ टीप येती, पण ब्लाऊज कापायचं धाडस होत नाही. कापड दुसऱ्याचं असतंय." यात सगळं आलं. बिघडलेल्या टिपेला ब्लेड आहे. बिघडलेल्या कापणीला नवं कापडच लागतं, आणि गरीब घरात ते कापड शिकाऊ हाताखाली कोण देणार?

केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. अठरा पारंपरिक व्यवसायांत शिंपी आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, पुढं ५ टक्के व्याजानं कर्ज. योजना चांगली आहे. ती मुळात आधीपासून हा धंदा करणाऱ्यांसाठी आहे, म्हणून सुरुवातीचं प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचं ठेवलंय. हात बसलेल्या कारागिराला तेवढं पुरतं. पण गावात ती 'फुकट मशीनची योजना' म्हणूनच पोचली आणि जिनं कधी कात्री धरली नाही तीही रांगेत उभी राहिली. पाच-सात दिवसांत माझे जेमतेम कागद शिवून झाले होते.

माप सुटलं की काय होतं, हे राज्यानं एकदा मोठ्या प्रमाणावर बघितलंय. २०२४-२५ ला सरकारी शाळांतल्या मुलांसाठी राज्यभर एकसारखा गणवेश ठरला. कापड वरून येणार आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांच्या बायका करणार. हेतू चांगला होता, गावच्या बाईला काम मिळणार होतं. पण शाळा सुरू होऊन महिने गेले तरी कित्येक ठिकाणी गणवेश पोचले नाहीत. पोचले त्यांतले पुष्कळ अंगाला बसेनात. शेवटी पुढच्या वर्षापासून गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेला. तेव्हा चेष्टा झाली ती शिवणाऱ्या बायकांची. मला ती पटली नाही. पहिलीतलं पोर आणि पहिलीतलं दुसरं पोर यांच्यात वीतभर फरक असतो. ज्या बाईनं पोर बघितलंच नाही, तिनं नुसती टीप मारली. तिच्या हाती मशीन दिलं होतं, टेप दिलीच नव्हती.

सोलापूर आमच्यापासून लांब नाही. शाळेचे गणवेश शिवण्याचा तिथं मोठा उद्योग आहे. तिथं एकावर एक कापडाचे थर रचून ठरलेल्या साइजमध्ये कापतात, कारखान्याला तेच परवडतं. त्याला माझी ना नाही. पण खेड्यातल्या एकट्या मशीनची ताकद साइजमध्ये नाही. गिऱ्हाईक समोर उभं आहे, त्याला हात वर करायला सांगता येतं, यात आहे. तीच आपण शिवणाऱ्या बाईला शिकवली नाही, तर ती कारखान्याशी कशाच्या जोरावर टिकणार?

दुसरी गोष्ट पुरुषांबद्दल. मी मशीनवर बसतो हे कळल्यावर हॉटेलात विचारणा झाली, "काय, सुनेचं काम तुम्ही करायलाव?" गंमत अशी की याच हॉटेलासमोर एक माणूस दिवसभर मशीन चालवतो आणि त्याला सगळं गाव 'मास्तर' म्हणतं. दुकानात बसला की मास्तर, घरात बसला की सुनेचं काम. मशीन तेच, सुई तीच. मग दुकानातल्या कामाला शिलाई मिळते आणि घरातल्या कामाला चहाही मिळत नाही. एसटीत मी बायकांना कंडक्टर होताना बघितलं. सुरुवातीला लोक त्यांच्याकडे टकमक बघायचे, नंतर सुटे पैसे मागायला लागले. सवय होते. इथंही होईल.

आमच्या भागाला तर लाजायचं काही कारणच नाही. जवळच तेर आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात तेरचा उल्लेख तगर म्हणून येतो. तिथून सुती कापड आणि मलमल भडोच बंदरात जायचं आणि तिथून समुद्रापार. त्याच तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपण कीर्तनात ऐकतो. संतमंडळी जमलेली, मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबाकाका थापटणं घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर हाणत गेले आणि नामदेवांपाशी आल्यावर म्हणाले, हे मडकं कच्चं आहे. नामदेव शिंप्याच्या घरचे. रुसले, पण मग विसोबा खेचरांना गुरू करून शिकायला बसले. ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलोय, पण दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या त्या दिवशी ती मला नीट ऐकू आली. कच्चं म्हणवून घ्यायची तयारी असली तरच पुढं भाजलं जातं. पन्नाशी-साठीच्या पुरुषाला नेमकं तेच जड जातं. कार्यालयात, गाडीत, घरात आपण पक्कं मडकं म्हणून वावरलेलो असतो.

आता कोणी म्हणेल, काका, परवडतं का हे? नाही परवडत. खोटं कशाला सांगू. माझ्या शर्टाचं कापड, बकरम, बटणं, दोरा मिळून जे झालं त्यात आठवडी बाजारात तयार शर्ट येतो, वर भेळही येते. शिवाय माझे अकरा दिवस. पोटापाण्याच्या धबडग्यातल्या माणसानं स्वतःचे सगळे कपडे स्वतः शिवावेत, असा माझा आग्रह नाही. गांधीजी यंत्रांबद्दल कडक होते, तरी शिवणयंत्राला त्यांनी अपवाद केला होता. त्या यंत्रामागं सिंगरचं बायकोवरचं प्रेम आहे, तिचे कष्ट बघून त्यानं ते केलं, असं त्यांना वाटायचं. कष्ट कमी करणाऱ्या वस्तूनं कष्ट वाढवायचे नसतात, हे मलाही कळतं.

पण एक शर्ट तरी स्वतः शिवावा. एकदाच. त्यानंतर तुम्ही दुकानात शर्ट घेताना रंग बघायच्या आधी आतली शिलाई बघता. दाब किती ठेवलाय, म्हणजे वाढत्या पोराचा कपडा पुढं सोडता येईल का, ते बघता. बटण तुटलं म्हणून शर्ट टाकून देत नाही. आणि ब्लाऊजच्या शिलाईवरून बाईशी दहा रुपयांची घासाघीस करताना जीभ अडखळते. मी एकेकाळी करायचो. आता ज्याला मुंढा कापता येतो त्याच्यापुढं भाव करायला मला लाज वाटते.

हे शिकायची जागा खरं तर शाळा. आमच्या लहानपणी कार्यानुभवाच्या तासाला पोरी रुमाल शिवायच्या आणि पोरं मैदान झाडायची. पोरांनी सुई धरली नाही आणि पोरींनी कधी माप घेतलं नाही. जपानमध्ये पाचवीपासून मुलगे आणि मुली दोघांनाही शाळेत शिवण असतं. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना, गावातल्या सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांसोबत काम करायला पाठवावं असं म्हटलंय. त्या दहांतले चार दिवस शिंप्याला द्या. पहिल्या दिवशी बटण लावणं आणि उसवलेली कड तुरपणं. दुसऱ्या दिवशी बिनदोऱ्याचा कागद. तिसऱ्या दिवशी बाजाराची पिशवी. आणि चौथ्या दिवशी मशीन बंद ठेवून नुसती टेप. शेजारच्या पोराचं माप घ्यायचं, उभं असताना, बसल्यावर, हात वर केल्यावर, आणि तिन्ही आकडे का वेगळे आले ते वहीत लिहायचं. मास्तरांना आणि गावातल्या शिवणाऱ्या बायकांना त्या चार दिवसांचा रोजगार द्या, नुसतं शाल-श्रीफळ नको. आणि ज्या योजनेतून मशीन जाईल तिच्यासोबत वीस मीटर मांजरपाट पाठवा, चुकीचं कापायला. एवढ्या कापडात ब्लाऊज कापायचं धाडस येतं.

माझा तिसरा शर्ट श्रावणात पुरा झाला. सोमवारी रामलिंगाच्या देवळात गेलो. दाटी होती, माकडं होती, पाऊस होता. घंटेपाशी पोचलो आणि उजवा हात वर केला. बायको देवाकडं न बघता माझ्या काखेकडं बघत होती. घंटा वाजली. शर्ट जागेवर राहिला.

"टीप टिकली," ती म्हणाली. मग जरा मागं सरकून तिनं मला नीट न्याहाळलं. "पण कॉलर एकीकडं चाललीया की वो."

चाललीच होती. घरी आल्यावर शर्ट वाळत घातला आणि खणातलं अर्धं ब्लेड काढून ठेवलं.